आधी काय, नंतर काय?

भिवंडीच्या पेठेतून चालताना मागांचा खडखडाट कानी पडला नाही, असे सहसा होत नाही. परगावचा मनुष्य क्षणभर थांबतो, अर्ध्या उघड्या दारातून आत डोकावतो, आणि पुढे जाऊन कोणाला तरी सांगतो, "तेथे कापड विणतात." वाक्य तीन शब्दांचे आहे आणि ते खोटेही नाही, परंतु ज्याच्या घरात माग आहे, अशा मुलाला ते ऐकून हसू येईल. विणणे हे पुष्कळ कामांपैकी एक काम आहे, आणि ते बरेचसे शेवटचे आहे, हे त्याला ठाऊक असते.

कापडात दोन प्रकारचे धागे असतात. उभा तो ताणा आणि आडवा तो बाणा. ताण्याचे शेकडो धागे प्रथम एकमेकांशेजारी सारख्या ताणाने ओढून एका लांब रुळावर गुंडाळतात. त्या रुळाला कारखान्यात बीम म्हणतात. त्यानंतर त्या धाग्यांना खळ देतात. खळ म्हणजे पेजेसारखे पातळ द्रव्य. ते धाग्यावर बसून वाळले म्हणजे धागा गुळगुळीत व बळकट होतो. मागावर फणीचे घाव सारखे बसत असतात. खळ न दिलेला धागा त्या घर्षणाने पिंजारतो आणि तुटतो. खळ वाळल्यावर प्रत्येक धागा सुईच्या नेढ्यासारख्या बारीक डोळ्यातून आणि मग फणीच्या फटीतून ओवावा लागतो. हे काम डोळ्यांचे व धीराचे आहे. इकडे ताण्याची ही तयारी चाललेली असतानाच दुसरीकडे बाण्याचे सूत कांडीवर भरले जाते आणि कांडी धोट्यात बसते. मग माग सुरू होतो. विणलेले कोरे कापड पुढे धुण्यास व रंगविण्यास जाते, आणि तेथे पहिले काम कोणते होते, तर इतक्या कष्टाने दिलेली ती खळ धुऊन काढण्याचे!

कोणी ही हकीकत वाचून असे म्हणेल की, खळ शेवटी धुवूनच टाकायची असेल, तर ती दिलीच कशाला? ज्याने क्रम ध्यानात ठेवला आहे, त्याला हा प्रश्न पडत नाही. खळ विणण्यासाठी हवी असते, रंगासाठी नको असते. विणण्याआधी ती गुण ठरते, विणल्यानंतर दोष ठरते. वस्तू तीच, तिचे स्थान बदलले की तिचा अर्थ बदलतो. माहितीपर लेखनात घडलेल्या गोष्टींचेही असेच असते.

गोष्ट वाचताना मुले क्रम सहज धरतात. राजा शिकारीला गेला, वाट चुकला, झोपडीपाशी आला. हे सारे एकामागून एक येते आणि कोणी मागेपुढे करीत नाही. इतिहासाचा वा विज्ञानाचा लेख, चरित्र किंवा वर्तमानपत्रातील बातमी यांची रीत निराळी असते. बातमी बहुधा शेवटापासून आरंभ करते. पूल कोसळला, हे प्रथम सांगते. पाऊस चार दिवस पडत होता, हे नंतर सांगते. पुलाला तडे गेल्याची तक्रार गेल्या वर्षीच झाली होती, हे सर्वांत शेवटी सांगते. त्यात तिचा दोष नाही. वाचकाला जे तातडीने हवे, ते ती आधी देते. परंतु कागदावर पहिल्या ओळीत आलेली गोष्ट काळातही पहिलीच असली पाहिजे, अशी समजूत करून जो वाचतो, त्याच्या मनात पूल आधी पडतो आणि पाऊस मागाहून येतो.

मराठी भाषेने अशा वाचकासाठी वाटेवर खुणा ठेवलेल्या आहेत. 'आधी', 'नंतर', 'तत्पूर्वी', 'तोवर', 'दरम्यान', 'पुढे', 'अखेरीस' या खुणा उघड्या आहेत. त्या कोणालाही दिसतात. काही खुणा मात्र क्रियापदाच्या पोटात लपलेल्या असतात. 'सूत भरून त्याने माग सुरू केला' या वाक्यात 'भरून' या शब्दातील नुसता 'ऊन' सांगतो की, भरणे आधी झाले. 'सूत भरताना तो गात होता' यात दोन्ही क्रिया बरोबर चालल्या. 'धागा तुटताच त्याने माग थांबविला' यात दोहोंमध्ये पापणी लवण्याइतकाही अवकाश नाही. 'दिवाळी झाल्यावर नवा माग घेतला' यात अवकाश आहे. तो किती, हे वाक्य सांगत नाही. आणि 'होता, होती, होते' ही साधी दिसणारी अक्षरे सर्वांत महत्त्वाची. 'तो आला' आणि 'तो आला होता' यांत फार अंतर आहे. दुसरे वाक्य वाचकाला मागे, आणखी एका जुन्या प्रसंगाकडे नेते. परिच्छेद सरळ चालला असताना मध्येच 'केले होते', 'घेतला होता' असे रूप दिसले, की लेखकाने मान मागे वळविली आहे, असे समजावे.

आता या खुणा प्रत्यक्ष वापरून पाहण्यासाठी भिवंडीच्याच इतिहासातील एक परिच्छेद घेऊ.

"इसवी सन १६६१ मध्ये कल्याण-भिवंडीचा मुलूख मोगलांनी घेतला. चार वर्षांपूर्वी तो शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून जिंकला होता आणि येथील खाडीत गलबते बांधण्यास आरंभही केला होता. त्या वेळी औरंगजेब दक्षिणेतील मोहीम आवरती घेण्याच्या विचारात होता. कारण उत्तरेत बादशहा शहाजहान आजारी पडला होता. गेलेला मुलूख महाराजांनी १६७० मध्ये परत मिळविला."

परिच्छेद पाच वाक्यांचा आहे. शब्द अवघड नाहीत. तरीही वर्गात हा परिच्छेद एकदा वाचून पुस्तक मिटावयास सांगितले आणि सर्वांत आधी काय घडले असे विचारले, तर बरीच मुले "मोगलांनी मुलूख घेतला" असेच उत्तर देतील. ओळींचा क्रम त्यांच्या मनावर ठसलेला असतो. शहाजहानच्या आजाराचे नाव कोणी घेणार नाही. तो बिचारा चौथ्या वाक्याच्या शेपटीला आहे!

या परिच्छेदाचे कागदाच्या चिठ्ठ्यांवर तुकडे करावेत, एका चिठ्ठीवर एकच घटना लिहावी, आणि मग त्या चिठ्ठ्या काळाप्रमाणे मांडाव्यात. पहिली चिठ्ठी शहाजहानच्या आजाराची. तो १६५७ च्या सप्टेंबरात पडला. दुसरी औरंगजेबाची. बापाच्या आजाराची वार्ता येताच त्याची दृष्टी तख्ताकडे वळली आणि विजापूरशी चाललेले युद्ध त्याला गुंडाळावे लागले. तिसरी कल्याण-भिवंडीच्या विजयाची. तो ऑक्टोबर १६५७ मधला. चौथी गलबतांची. भिवंडी, कल्याण व पनवेल येथे शिवाजीची लढाऊ गलबते तयार होत आहेत, असा चिंतायुक्त उल्लेख १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात आढळतो. पाचवी १६६१ मधील मोगलांच्या विजयाची, आणि सहावी १६७० मधील पुनःप्राप्तीची. पहिल्या वाक्यातील घटना अशा रीतीने पाचव्या जागी जाऊन बसली.

चिठ्ठ्या मांडताना एक शब्द हात थांबवितो. 'त्या वेळी' म्हणजे कोणत्या वेळी? जवळचे वर्ष शोधावे, तर परिच्छेदात लिहिलेले एकच वर्ष मागे सापडते, १६६१. घाईचा वाचक शहाजहानला त्या वर्षी आजारी पाडतो. पण १६६१ मध्ये औरंगजेब स्वतःच बादशहा होता आणि शहाजहान आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत होता. 'त्या वेळी' हा शब्द वर्षाकडे बोट दाखवीत नाही. लगतच्या वाक्यातील प्रसंगाकडे, म्हणजे मुलूख जिंकण्याकडे दाखवितो. त्याचे वर्ष लेखकाने लिहिलेले नाही. 'चार वर्षांपूर्वी' एवढेच सांगून वजाबाकी वाचकावर सोपविली आहे. असे काम लेखक नेहमीच वाचकावर टाकतात. ते त्याने पेन्सिल घेऊन समासात करावे. मनातल्या मनात केलेली वजाबाकी पुढच्या पानापर्यंत टिकत नाही.

आणखी एक चकवा आहे. १६५७ या एकाच वर्षी, एकाच आदिलशाहीकडून, औरंगजेबाने कल्याणी घेतली आणि शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले. कल्याणी म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण. ते भिवंडीपासून शेकडो मैल दूर आहे. कल्याणी उन्हाळा सरल्यावर पावसाळ्यात पडली आणि कल्याण त्यानंतर, दिवाळीच्या तोंडावर. एका वेलांटीने मनुष्य समुद्रकाठावरून थेट बेदरास जातो. जो नावाबरोबर महिनाही टिपून ठेवतो, त्याला ही चूक लगेच उमगते.

परिच्छेदात जे लिहिलेले नाही, तेही काळात घडतच असते. चौथ्या आणि पाचव्या चिठ्ठीमध्ये प्रतापगडाचा प्रसंग येतो; तो १० नोव्हेंबर १६५९ चा. मुलूख गेला तेव्हा शायिस्ताखान दख्खनच्या सुभ्यावर आला होता, आणि लाल महालावरील छापा त्यानंतरचा, एप्रिल १६६३ मधला. परिच्छेदाचा विषय भिवंडी असल्यामुळे लेखकाने या गोष्टी गाळल्या, ते योग्यच केले. परंतु चार ओळींत तेरा वर्षे मावली, म्हणून ती तेरा वर्षे रिकामी होती असे नव्हे. 'शिवाजी महाराजांनी भिवंडी जिंकली' हे सुटे वाक्य कोठे आढळले, तर शहाण्या वाचकाने विचारले पाहिजे, "कितव्यांदा?"

सनावळी पाठ करणे म्हणजे इतिहास नव्हे, असे पुष्कळ विद्वान सांगतात आणि विद्यार्थ्यांना ते फार आवडते. ते खरे आहे. पण सनांवाचूनचा इतिहास म्हणजे बीमवर न चढविलेले सूत होय. आहे सगळे, पण गुंता आहे. आणि सन म्हणजे तरी नुसता आकडा नव्हे. कोणाच्या गणनेने लिहिलेला आकडा, हेही पाहावे लागते. जुन्या मराठी कागदांत शालिवाहन शक असतो. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, असे आपण शिकतो. कल्याण-भिवंडी घेतली ती शके १५७९ च्या आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे वसुबारसेच्या दिवशी. १५७९ आणि ७८ मिळून १६५७ होतात, हिशेब जुळला. आता शिवजन्म घ्या. तो शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा. ७८ मिळविले तर १६२९ येतात. परंतु खरे वर्ष १६३० आहे, १९ फेब्रुवारी १६३०. चूक कोठे झाली? शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते आणि इसवीचे जानेवारीत. पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष पालटते, पण शक चैत्रापर्यंत तोच राहतो. म्हणून त्या अखेरच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. दोन महिन्यांचे अंतर, पण त्याने वर्ष बदलले.

त्याहूनही मौजेची गोष्ट पुढे आहे. वसुबारसेचा तो दिवस २४ ऑक्टोबर १६५७ असा दिला जातो. ही इंग्रजांची जुनी गणना होय. त्यांनी १७५२ पर्यंत ती चालविली. पोर्तुगीजांनी मात्र १५८२ मध्येच सुधारलेली गणना स्वीकारली होती, आणि सतराव्या शतकात दोहोंमध्ये १० दिवसांचा फरक होता. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती. भिवंडीपासून खाडीने जाणारी ही वाट दूरची नव्हे. त्या दिवशी सुरतेच्या वखारीतील इंग्रज आपल्या वहीत २४ ऑक्टोबर लिहीत असेल, तर वसईचा पोर्तुगीज कारकून ३ नोव्हेंबर लिहीत होता, आणि भिवंडीतील गवळी गाईवासरांना ओवाळीत होता. दिवस एकच. दोन्ही कागद समोर ठेवून कोणी म्हणाला की, पोर्तुगीजांना ही बातमी १० दिवस उशिरा कळली, तर त्याने आकडे बरोबर वाचले आणि क्रम चुकविला, असे म्हणावे लागेल.

ज्या ग्रंथांवरून हा इतिहास लिहिला जातो, त्यांचीही दोन कुळे आहेत. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे शिवचरित्राची बखर लिहिली, ती शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सुमारे दीड तपाने. सभासद जाणता होता, त्या काळचा होता; पण त्याने आठवणीच्या ओघाने लिहिले. एका प्रसंगावरून दुसरा आठवला की तो लिहावा, अशी ती रीत. त्यामुळे प्रसंग मागेपुढे झाले आहेत आणि वर्षे क्वचितच सापडतात. उलट, जेधे घराण्यातील शकावली पाहावी. तीत वर्णन नाही, संवाद नाही, अलंकार नाही. शक, महिना, तिथी आणि एका ओळीत घटना, संपले. बखर वाचताना रक्त सळसळते आणि शकावली वाचताना जांभई येते, हे कबूल केले पाहिजे. परंतु इतिहाससंशोधक बखरीतील प्रसंग उचलतात आणि तो शकावलीच्या खुंटीवर टांगून पाहतात. शिवजन्माचे वर्ष पूर्वी पुष्कळ ठिकाणी १६२७ असे छापले जाई. ते १६३० ठरले, त्यात या रुक्ष शकावलीचा वाटा मोठा आहे.

भिवंडीतील वृद्ध माणसे बखरीच्या रीतीनेच बोलतात. आजीला विचारावे, "आपल्या घरात माग कधी आला?" ती सन सांगणार नाही. ती म्हणेल, "दुष्काळ पडून गेला होता, गिरण्यांचा संप अजून व्हायचा होता. तुझ्या बापाला तेव्हा दात येत होते." मुलाला वाटते, आजीला काही आठवत नाही. पण आजीने दोन खुंट्या दाखविल्या आहेत. महाराष्ट्रातील मोठा दुष्काळ १९७२ चा, आणि मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. माग या दोहोंच्या मध्ये आला. बापाचे जन्मवर्ष शाळेच्या दाखल्यावर सापडेल; मग उत्तर पक्के होईल. या शोधात आजी बखर आहे आणि दाखला शकावली.

आजीच्या या एका वाक्याने एक मोठी समजूतही तपासून पाहता येते. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील त्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते. पुष्कळ गिरण्या पुन्हा पूर्ववत सुरू झाल्याच नाहीत. कापडाचे काम भिवंडीसारख्या गावांकडे वळले आणि येथील मागांची संख्या वाढली. यावरून 'मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या म्हणून भिवंडीत यंत्रमाग आले' असे वाक्य अनेकदा ऐकू येते. परंतु आजीचा माग संपाच्या आधीचा आहे! इतकेच नव्हे, तर भिवंडीत यंत्रमाग स्वातंत्र्याच्याही आधी आले होते, आणि त्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकरांचे हातमाग येथे चालत होते. जे आधीच होते, त्याचे कारण नंतरची घटना होऊ शकत नाही. संपामुळे भिवंडीचा धंदा वाढला असे म्हणता येईल. जन्मला असे म्हणता येणार नाही. 'वाढला' आणि 'जन्मला' या दोन शब्दांत कित्येक दशकांचे आणि कित्येक विणकरांच्या श्रमांचे अंतर आहे. ते अंतर पुसले, तर ज्यांनी हातमागावरून यंत्रमागावर जाण्याचे धाडस केले, ती पिढीच्या पिढी हकीकतीतून नाहीशी होते.

क्रम चुकल्याने एखाद्याचे श्रेय जाते, तसा एखाद्यावर विनाकारण दोषही येतो. भिवंडीला याचा कडू अनुभव आहे. ७ मे १९७० रोजी या गावात दंगल उसळली. माणसे मेली, घरे आणि माग जळाले. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमण्यात आला. अशा आयोगापुढे साक्षीदारांची रांग लागते, आणि प्रत्येक साक्षीदार आपण पाहिले ते सांगतो. ज्याच्या घरावर दगड आला, त्याची हकीकत त्या दगडापासून सुरू होते. ज्याचा भाऊ पडला, त्याची भाऊ पडल्यापासून. त्याच्या आधीच्या क्षणी पलीकडच्या गल्लीत काय झाले, हे त्याने पाहिलेले नसते. आणि पाहिले असले, तरी दुःखाने ते पुसलेले असते. दोघेही खरे बोलतात आणि दोघांच्याही हकीकतीत दुसऱ्यानेच आरंभ केलेला असतो. म्हणून न्यायाधीशाला प्रथम वेळ विचारावी लागते. किती वाजले होते? मिरवणूक तेव्हा कोठे होती? धूर आधी दिसला की आरोळी आधी ऐकू आली? हे प्रश्न कोरडे वाटतात; जेधे शकावलीसारखेच. पण त्यांच्या उत्तरांवाचून 'का' या प्रश्नाला हात घालता येत नाही, आणि अफवा तर नेमकी याच ठिकाणी जन्म घेते, जेथे नंतर घडलेली गोष्ट आधी घडली असे कोणी तरी सांगतो.

१९८४ च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा पेटली. त्यानंतर १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी येथे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. वस्तीतील हिंदू आणि मुसलमान रहिवाशांनी, पुढाऱ्यांनी नव्हे तर साध्या कष्टकरी माणसांनी, पोलिसांसह नियमाने एकत्र बसावे आणि भांडणे लहान असतानाच मिटवावीत, अशी ती योजना होती. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई दंगलींनी होरपळली. दोनदा जळालेली भिवंडी त्या वेळी शांत राहिली. खोपडे यांनी पुढे या अनुभवावर पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच प्रश्न आहे: मुंबई जळाली, भिवंडी का नाही?

हा प्रश्न वाचणाऱ्याने उत्तर देण्याची घाई करू नये. प्रथम चिठ्ठ्या मांडाव्यात. १९७०, १९८४, १९८८, १९९२. समित्या शांततेच्या आधीच्या आहेत. म्हणून त्या शांततेचे कारण असू शकतात. 'असू शकतात' एवढेच क्रम सांगतो. 'आहेत' असे तो एकटा सांगू शकत नाही. कोंबडा आरवल्यानंतर सूर्य उगवतो, म्हणून कोंबड्याने सूर्य आणला असे कोणी मानीत नाही. मग पुढील चौकशी सुरू होते. १९८४ ची होरपळ ज्यांनी सोसली, त्यांनी ती आठवण धरून स्वतःच हात आवरले काय? ज्या वस्तीत समितीच्या बैठका नियमाने भरत, तेथे आणि जेथे भरत नसत तेथे काही फरक दिसला काय? समितीतील माणसे त्या डिसेंबरातील रात्री प्रत्यक्ष कोठे होती आणि काय करीत होती? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देणारे लोक अजूनही भिवंडीत भेटतात. त्यांच्याशी बोलले, की केवळ 'नंतर' असलेले नाते हळूहळू 'मुळे' होते किंवा होत नाही, हे कळू लागते.

याच विषयावरील लेखात बहुधा आणखी एक वाक्य सापडते: मुंबईतही मोहल्ला समित्या काम करीत आहेत. ते वाक्य मुंबईच्या दंगलीच्या वर्णनाला लागूनच छापलेले असेल, तर वाचक मनाशी म्हणतो, "मग तेथे समित्या असूनही मुंबई कशी जळाली? म्हणजे समित्यांचा काही उपयोग नाही!" युक्तिवाद धारदार आहे, आणि तो करणारा मुलगा वर्गातील हुशार मुलांपैकी असतो. त्याने फक्त समासात वर्ष लिहिलेले नसते. मुंबईतील समित्या दंगली शमल्यानंतर उभ्या राहिल्या. १९९२ च्या डिसेंबरात त्या तेथे नव्हत्याच.